टॅलीप्राइमला नोडमधून सेल्सची बिलं: काही दोनदा जातात, काही गायब होतात

नोडकरी_कोल्हापूर

हार्डवेअर आणि इलेक्ट्रिकल सामानाच्या एका घाऊक विक्रेत्यासाठी ऑर्डर-बिलिंगचं वेब ॲप आहे. पुढे रिॲक्ट, मागे नोड १८ आणि एक्स्प्रेस, डेटाबेस पोस्टग्रेस, सर्व्हर क्लाउडवर. दुकानाचा हिशेब टॅलीप्राइमवर, ऑफिसातल्या विंडोज मशीनवर. रोज दीडशेच्या आसपास बिलं होतात आणि अकाउंटंट ती सगळी हाताने पुन्हा टॅलीत मारतात. हे दुहेरी काम थांबवायचं आहे. टॅली सोडायची नाही, कारण सीए आणि ऑडिट सगळं तिच्यावरच चालतं.

सध्याची रचना: टॅलीत पोर्ट ९००० चालू केला, राउटरवर तो फॉरवर्ड केला आणि क्लाउडवरचा सर्व्हर थेट ऑफिसच्या स्थिर आयपीवर एक्सएमएल पोस्ट करतो. टाइमआउट ३० सेकंदांचा, तो झाला की तीन वेळा पुन्हा प्रयत्न. लक्षणं अशी:

काही बिलं टॅलीत दोन-दोनदा दिसतात, विशेषतः दुपारी.
काही बिलांना उत्तर २०० येतं, ॲपमध्ये 'पाठवलं' अशी खूण होते, पण टॅलीत बिल नसतं.
काही बिलांवर व्हाउचरची (टॅलीतल्या नोंदीची) बेरीज जुळत नाही असा संदेश, फरक एक पैशाचा.
पार्टीचं नाव मराठीत असेल तर टॅलीत प्रश्नचिन्हांची रांग.
ऑफिसच्या मशीनवरच चाचणीची स्क्रिप्ट लोकलहोस्टवर चालवली तर 'कनेक्शन रिफ्यूज्ड', ब्राउझरमध्ये मात्र तोच पत्ता उघडतो आणि 'सर्व्हर इज रनिंग' असं दिसतं.

यानंतर उलट्या दिशेने पार्टीची येणे बाकी ॲपमध्ये दाखवायची आहे, म्हणजे सेल्समनला उधारी पाहून ऑर्डर घेता येईल. सुरुवात कुठून करू?

हिशेबीकिडा

सुरुवात राउटरवरून. ते पोर्ट फॉरवर्डिंग आज बंद करा, बाकीचं उद्या झालं तरी चालेल. टॅलीच्या या पोर्टवर विनंती करणाऱ्याला ना पासवर्ड लागतो ना टोकन. कंपनी उघडी असेल तर ज्याला तो पत्ता सापडेल तो सगळी खाती वाचू शकतो आणि व्हाउचरही घालू शकतो. इंटरनेटवर उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात, ९००० त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

दिशा उलटी करा. ऑफिसच्या मशीनवर नोडचा एक छोटा एजंट विंडोज सर्व्हिस म्हणून बसवा. तो दर १०-१५ सेकंदांनी तुमच्या क्लाउड सर्व्हरला एचटीटीपीएसवरून विचारतो, "काही काम आहे का?" काम असेल तर ते घेतो, त्याच मशीनवरच्या टॅलीला देतो आणि उत्तर परत कळवतो. कनेक्शन नेहमी आतून बाहेर जातं, त्यामुळे राउटरला हात लावावा लागत नाही आणि स्थिर आयपीचे पैसेही वाचतात. एजंटला स्वतःचं टोकन द्या, ते त्या एकाच दुकानापुरतं असू द्या. एजंट आणि टॅली एकाच मशीनवर असतील तर विंडोज फायरवॉलमध्ये ९००० वर बाहेरून येणारं सगळं अडवून टाका.

रिॲक्टमधून थेट टॅलीला पोस्ट करण्याचा मोह कुणाला ना कुणाला होतोच, म्हणून आधीच सांगतो: ते होणार नाही. एचटीटीपीएसवरच्या पानाला ऑफिसातल्या साध्या एचटीटीपी पत्त्यावर जाऊ द्यायला ब्राउझर तयार नसतो.

'कनेक्शन रिफ्यूज्ड'चं कारण टॅलीत नाही, नोडमध्ये आहे. नोड १७ पासून 'लोकलहोस्ट' या नावाचा पत्ता ऑपरेटिंग सिस्टीम ज्या क्रमाने देईल त्याच क्रमाने वापरला जातो, आणि विंडोजवर बहुधा आयपीव्ही६ चा पत्ता आधी येतो. टॅली ऐकत असते आयपीव्ही४ वर. ब्राउझर दोन्ही पत्ते वापरून पाहतो म्हणून तिथे उघडतं. कोडमध्ये लोकलहोस्ट लिहूच नका, सरळ १२७.०.०.१ लिहा. नोड २० मध्ये दोन्ही पत्ते आजमावण्याची सोय आपोआप चालू असते, पण तिच्या भरवशावर राहू नका.

आता दुपारच्या डुप्लिकेट बिलांबद्दल. टॅली एका वेळी एकच विनंती हाताळते. दुपारी अकाउंटंटने मोठा रिपोर्ट उघडला की तुमची विनंती ताटकळते, ३० सेकंद उलटतात, तुमचा कोड कनेक्शन तोडून तेच बिल पुन्हा पाठवतो. पण पहिली विनंती टॅलीच्या हातात आधीच पडलेली असते. ती यथावकाश नोंदवली जाते आणि मग दुसरीही. उपाय दोन, आणि दोन्ही लागतात.

पहिला: एजंटमध्ये रांग ठेवा, एका वेळी एकच विनंती. पंचवीस बिलं एकदम 'प्रॉमिस ऑल'मध्ये घालून टॅलीवर सोडू नका, काही फायदा नाही. उलट अकाउंटंटची स्क्रीन अडकते आणि शिव्या तुम्हाला. टाइमआउट दोन-तीन मिनिटांचा ठेवा.

दुसरा: टाइमआउट झाला म्हणजे बिल गेलं नाही असं समजू नका. बिलाच्या अवस्था 'रांगेत', 'पाठवलं, उत्तर बाकी', 'नक्की' आणि 'नाकारलं' अशा चार ठेवा. 'उत्तर बाकी'मधल्या बिलाबद्दल आधी टॅलीलाच विचारायचं, की या तारखेला या नंबरचं व्हाउचर आहे का. नसेल तरच पुन्हा पाठवायचं. शिवाय प्रत्येक व्हाउचरच्या टॅगवर रिमोट-आयडी हा ॲट्रिब्यूट द्या आणि त्यात तुमच्या डेटाबेसमधला त्या बिलाचा यूयूआयडी (एकमेव ओळख क्रमांक) घाला, जो पुन्हा पाठवताना कधीही बदलणार नाही. चाचणी कंपनीत एकच बिल दोनदा पाठवून पाहा. पहिल्या उत्तरात 'क्रिएटेड' १ आणि दुसऱ्यात 'ऑल्टर्ड' १ आलं पाहिजे. दुसऱ्यांदाही 'क्रिएटेड' आलं तर रिमोट-आयडी नीट पोचत नाहीये.

जमा_नावे

वरच्याशी सहमत. मी एक्सएमएल आणि पैशांबद्दल लिहितो. टॅगची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, कोडमध्ये ती सगळी इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि मधे जागा न सोडता.

२०० ला काही अर्थ नाही. २०० म्हणजे टॅलीने तुमचं म्हणणं ऐकलं, एवढंच. निकाल उत्तराच्या पोटात असतो: क्रिएटेड, ऑल्टर्ड, इग्नोअर्ड, एरर्स, कॅन्सल्ड, आणि नव्या आवृत्त्यांत एक्सेप्शन्स. लेजर (टॅलीतलं खातं) सापडलं नाही, बेरीज जुळली नाही असलं कारण 'लाइन-एरर' या टॅगमध्ये येतं. बिल 'नक्की' कधी म्हणायचं? क्रिएटेड आणि ऑल्टर्ड यांची बेरीज पाठवलेल्या व्हाउचरांइतकी असेल, आणि एरर्स व एक्सेप्शन्स दोन्ही शून्य असतील तेव्हाच. एका विनंतीत एकच व्हाउचर पाठवा. दहा एकत्र पाठवली आणि नऊ गेली, तर कोणतं राहिलं हे शोधत बसावं लागतं. दीडशे बिलांना एकेक पाठवणं सहज परवडतं. आलेलं मूळ उत्तर जसंच्या तसं डेटाबेसमध्ये ठेवा. महिन्याने अकाउंटंट विचारतील तेव्हा तेच कामाला येतं.

चिन्हांचा नियम नव्या माणसाला उलटा वाटतो. टॅलीच्या एक्सएमएलमध्ये नावे रक्कम ऋण आणि जमा रक्कम धन. शिवाय 'इज-डीम्ड-पॉझिटिव्ह' हा टॅग नावे ओळीला 'येस', जमा ओळीला 'नो'. दोन्ही एकमेकांशी जुळले पाहिजेत आणि सगळ्या ओळींची बेरीज बरोबर शून्य आली पाहिजे.

एक बिल घ्या: माल ९९९.५० रुपयांचा, जीएसटी १८ टक्के, विक्रेता आणि ग्राहक दोघे महाराष्ट्रातले.

पार्टी, नावे: −११७९.००
विक्री, जमा: ९९९.५०
सीजीएसटी ९ टक्के, जमा: ८९.९६
एसजीएसटी ९ टक्के, जमा: ८९.९६
राउंड ऑफ, नावे: −०.४२

तुमचा एक पैसा इथेच हरवतोय असा माझा अंदाज. ९९९.५० चे ९ टक्के होतात ८९.९५५. ते दोनदा वेगवेगळं पूर्णांकित केलं तर १७९.९२, आणि १८ टक्के एकदम काढले तर १७९.९१. पुढच्या बाजूला, रिॲक्टमध्ये, एकूण रक्कम १८ टक्क्यांनी काढली असेल आणि टॅलीला ९-९ करून ओळी पाठवल्या असतील, तर असा फरक पडणारच. कर प्रत्येक लेजरच्या ओळीगणिक काढा, मग बेरीज करा, मग राउंड ऑफ. हे गणित फक्त सर्व्हरवर एकाच फंक्शनमध्ये असू द्या, रिॲक्टने तिथूनच आकडे घ्यावेत.

रुपये दशांशात ठेवू नका, पैसे पूर्णांकात ठेवा. १.००५ ला टू-फिक्स्ड २ लावलं तर जावास्क्रिप्ट १.०१ नाही, १.०० देते, कारण १.००५ तिच्या पोटात थोडा कमीच साठवलेला असतो. म्हणून ९९९५० पैसे गुणिले ९ भागिले १००, म्हणजे ८९९५.५, आणि ते मॅथ-राउंडने ८९९६. ०.०९ ने गुणायचं नाही.

आणि क्रेडिट नोट करताना हे लक्षात ठेवा: मॅथ-राउंड अर्ध्यावरचा आकडा नेहमी वरच्या दिशेला नेतो. +८९९५.५ चे ८९९६ होतात, पण −८९९५.५ चे −८९९५. त्याच बिलाचा पूर्ण माल परत आला तरी कर एका पैशाने जुळत नाही आणि पार्टीच्या खात्यावर तो एक पैसा लोंबकळत राहतो. आधी धन संख्या पूर्णांकित करा, चिन्ह नंतर लावा.

ओळींचे टॅग: फक्त लेजर असलेलं साधं व्हाउचर असेल तर 'ऑल-लेजर-एन्ट्रीज डॉट लिस्ट', आयटम इन्व्हॉइस असेल तर 'लेजर-एन्ट्रीज डॉट लिस्ट', सोबत 'इज-इन्व्हॉइस' येस आणि व्ह्यूसुद्धा इन्व्हॉइसचा. आयटम पाठवत असाल तर विक्रीचं लेजर प्रत्येक आयटमच्या आत 'अकाउंटिंग-ॲलोकेशन्स डॉट लिस्ट'मध्ये जातं. तेच पुन्हा बाहेर लिहिलं तर विक्री दुप्पट होते. हे पाठ करत बसू नका. टॅलीत हाताने एक नमुना बिल मारा, ते एक्सएमएलमध्ये एक्स्पोर्ट करा आणि त्यातून नको ते टॅग काढत तुमचा साचा बनवा.

नोडकरी_कोल्हापूर

पोर्ट बंद केला, एजंट लिहायला घेतलाय. जुनी उत्तरं उघडून पाहिली. गायब झालेल्या बिलांपैकी बहुतेकांत 'लेजर डज नॉट एक्झिस्ट' आहे, काहींत क्रिएटेड ०, एरर्स ०, एक्सेप्शन्स १. दोन बिलं मात्र अजब आहेत: क्रिएटेड १ आलंय, पण टॅलीत एप्रिलमध्ये सापडत नाहीत.

जमा_नावे

मार्चमध्ये पाहा, ३१ तारखेला. बिल रात्री बारा ते साडेपाचच्या मधलं असणार.

टू-आयएसओ-स्ट्रिंग तारीख यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत देतं. भारतात १ एप्रिलचे रात्रीचे साडेबारा म्हणजे यूटीसीत ३१ मार्चचे संध्याकाळचे सात. एरवी एका दिवसाने तारीख चुकली तर कुणाच्या लक्षातही येत नाही, इथे बिल मागच्या आर्थिक वर्षात गेलं. टॅलीला तारीख आठ आकड्यांत लागते: वर्ष, महिना, दिवस, मधे काही नाही, उदाहरणार्थ २०२५०४०१. इंटल-डेट-टाइम-फॉरमॅटला टाइमझोन 'एशिया/कोलकाता' देऊन ती बनवा. त्याहून बरं म्हणजे बिलाची तारीख पोस्टग्रेसमध्ये टाइमस्टॅम्प म्हणून न ठेवता 'डेट' प्रकारात ठेवा. मात्र ती वाचताना नोडचा पोस्टग्रेस ड्रायव्हर तिचं पुन्हा डेट ऑब्जेक्ट करतो, ते बंद करून स्ट्रिंगच घ्या.

रोजकीर्द

मी अकाउंट्सच्या बाजूचा. कोड तुम्ही लिहा, पण या गोष्टी आधी अकाउंटंटसोबत बसून ठरवा, नंतर निस्तरायला जड जातात.

कंपनीचं नाव. विनंतीत 'एसव्ही-करंट-कंपनी' दिलं नाही तर व्हाउचर त्या क्षणी जी कंपनी चालू असेल तिच्यात जातं. बऱ्याच ऑफिसांत दोन-तीन फर्मच्या कंपन्या एकाच टॅलीत उघड्या असतात. नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे, आणि वर्ष संपल्यावर डेटा स्प्लिट करून नवी कंपनी केली की नाव बदलतं, हे एजंटच्या सेटिंगमध्ये बदलायचं कुणी ते ठरवून ठेवा. रिमोट डेस्कटॉपवर एकाच सर्व्हरवर चार जण टॅली चालवत असतील तर प्रत्येकाला वेगळा पोर्ट द्या. नाहीतर ९००० ज्याच्या हाती पहिल्यांदा लागला त्याच्याच टॅलीत तुमची बिलं जातील.

लेजरची नावं. 'लेजर डज नॉट एक्झिस्ट' याचं नेहमीचं कारण म्हणजे टॅलीत कुणीतरी 'शिवशक्ती ट्रेडर्स'चं 'शिवशक्ती ट्रेडर्स, इचलकरंजी' केलेलं असतं. ॲपमध्ये पार्टीसमोर टॅलीतल्या लेजरचा जीयूआयडी (टॅलीचा स्वतःचा ओळख क्रमांक) साठवा, तो नाव बदललं तरी बदलत नाही. दर तासाला लेजरची यादी ओढून त्या जीयूआयडीचं आजचं नाव काय ते पाहा आणि व्हाउचरमध्ये ते नाव घाला. नवी पार्टी असेल तर आधी मास्टर (तिचं खातं), मग व्हाउचर. मास्टर बनवताना गट 'संड्री डेटर्स', राज्य आणि जीएसटी क्रमांक हवेतच. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्र २७, गोवा ३०. बेळगाव-निपाणीचा ग्राहक म्हणजे २९, तिथे पुरवठ्याचं ठिकाण कर्नाटक असेल तर आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीचा कर). कोल्हापूरच्या दुकानाला हा प्रश्न रोज येणार.

बिल नंबर. व्हाउचर टाइपमध्ये नंबरिंग 'ऑटोमॅटिक' असेल तर तुमचा नंबर बाजूला राहतो आणि टॅली स्वतःचा देते. ग्राहकाच्या हातातल्या बिलावर एक नंबर, जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात दुसरा. ॲपच्या बिलांसाठी 'सेल्स'खाली वेगळा व्हाउचर टाइप करा, नंबरिंग मॅन्युअल, डुप्लिकेट रोखणं 'येस'. नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा, त्यात अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढंच चालतं, आणि आर्थिक वर्षात तो पुन्हा येता कामा नये. सीजीएसटी नियम ४६ तसं सांगतो. काउंटरवर हाताने मारलेल्या बिलांची मालिका वेगळी ठेवा, म्हणजे दोघांची टक्कर होणार नाही. तुमचं एक्सेप्शन्स १ बहुतेक नंबरिंगमुळे किंवा मास्टरमधल्या उणिवेमुळे असेल, टॅलीतला एक्सेप्शनचा रिपोर्ट उघडलात की कारण दिसेल.

बिलवार हिशेब. पार्टीच्या ओळीत 'बिल-ॲलोकेशन्स डॉट लिस्ट' द्या: नाव म्हणजे बिल नंबर, प्रकार 'न्यू रेफ', उधारीचे दिवस आणि पार्टीच्या ओळीइतकीच रक्कम, चिन्हासकट. हे दिलं नाही तर सगळं 'ऑन अकाउंट', म्हणजे कोणत्याही बिलाशी न जोडता पडतं आणि कोणतं बिल किती दिवस थकलंय हे नंतर कळत नाही. तुम्हाला सेल्समनला उधारी दाखवायची आहे, तेव्हा हे सोडून चालणारच नाही. वसुलीच्या रिसीटमध्ये त्याच नावाने 'एगेन्स्ट रेफ'.

दुरुस्ती. चुकलेलं व्हाउचर एपीआयने डिलीट करून नवं पाठवायची सवय लावू नका. हे दुकान प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणारंच सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे. एडिट लॉगमध्ये रोजच्या रोज पन्नास डिलीट दिसले की ऑडिटर विचारणारच. फर्म प्रोप्रायटरी असली तरी बिल ग्राहकाला गेल्यानंतर क्रेडिट नोट हाच सरळ मार्ग.

ई-इन्व्हॉइस. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर तो लागू होतो. आयआरएन (ई-इन्व्हॉइसचा नोंदणी क्रमांक) ॲपमधून काढायचा की टॅलीतून, हे एकदाच ठरवा. आयआरएन विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि नंबर यांवरूनच बनतो, त्यामुळे दोन्हीकडून काढायला गेलात तर दुसऱ्याला 'डुप्लिकेट' म्हणून नकार मिळतो. ॲपमधून काढत असाल तर टॅलीत बिल जाताना आयआरएनही सोबत न्या.

ढगातला_मुनीम

टॅली सोडायची नाही हे वाचलं, तरी पुढे-मागे कुणी हा धागा वाचेल म्हणून लिहून ठेवतो. झोहो बुक्ससारख्या क्लाउडवरच्या सॉफ्टवेअरला एजंट, पोर्ट, चालू कंपनी यांपैकी काहीच लागत नाही. थेट जेसनमध्ये बोलायचं. पण तिथली डोकेदुखी वेगळी. भारतातलं खातं असेल तर लॉगिन आणि एपीआय दोन्हीचे पत्ते डॉट-इन वाले वापरायचे, डॉट-कॉमवर टोकन चालत नाही. ॲक्सेस टोकन एका तासात संपतं. रिफ्रेश टोकन हवं तर परवानगी मागताना 'ऑफलाइन' सांगावं लागतं, आणि ते पहिल्यांदाच मिळतं, तेव्हाच जपून ठेवा. मिनिटाला एका संस्थेमागे १०० विनंत्या, त्यापुढे ४२९ या एररने नकार. पाच सर्व्हर प्रोसेस एकाच वेळी टोकन ताजं करायला धावल्या तर गोंधळ होतो, ते काम एकाकडेच द्या. ब्राउझरमधून थेट बोलता येत नाही, हे इथेही तसंच.

नोडकरी_कोल्हापूर

रोजकीर्द, ही यादी घेऊन अकाउंटंटकडे जातोय. मराठी नावांचं आणि बाकी वाचण्याचं काय? फास्ट-एक्सएमएल-पार्सर वापरतोय. लेजरची यादी मागवली की मधेच पार्सर फेकून देतो, आणि जी यादी मिळते तिच्यात काही पार्टींच्या फोन नंबरांपुढचं शून्य गायब.

हिशेबीकिडा

तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

अक्षरं: स्ट्रिंग सरळ पोस्ट करू नका. बफर 'यूटीएफ१६-एलई'मध्ये बनवा, कंटेंट-टाइपमध्ये टेक्स्ट/एक्सएमएल आणि कॅरसेट यूटीएफ-१६ लिहा, कंटेंट-लेंग्थ बफरची बाइटमधली लांबी द्या. स्ट्रिंगची लांबी दिलीत तर मजकूर अर्ध्यावर कापला जाईल. टॅलीचं उत्तरही मग यूटीएफ-१६ मध्ये येतं. इथे फेचचं टेक्स्ट वापरायचं नाही, ते डोळे झाकून यूटीएफ-८ समजतं. अरे-बफर घ्या आणि टेक्स्ट-डीकोडरला यूटीएफ-१६एलई सांगून उलगडा. जी नावं आधीच प्रश्नचिन्हं होऊन टॅलीत बसली आहेत ती परत येणार नाहीत, मास्टर पुन्हा पाठवून दुरुस्त करावी लागतील. नावात 'आणि'चं चिन्ह, म्हणजे अँपरसँड असेल तर तोही एस्केप करून पाठवा, 'पाटील अँड सन्स' छापाच्या दुकानांना तोटा नाही.

पार्सर फेकतो ते बहुधा कॅरॅक्टर ४ मुळे. टॅली स्वतःच्या राखीव शब्दांपुढे, उदाहरणार्थ 'प्रायमरी' किंवा 'नॉट ॲप्लिकेबल', एक नियंत्रण-अक्षर लावते: अँपरसँड, हॅश, ४, सेमीकोलन. एक्सएमएल १.० ला ते चालत नाही. पार्स करण्यापूर्वी एका रेग्युलर एक्स्प्रेशनने ३२ च्या खालचे असे सगळे संदर्भ काढून टाका. ९, १० आणि १३ तेवढे राहू द्या.

शून्य गायब होतं कारण पार्सर आकड्यासारखं दिसणारं सगळं नंबरात बदलतो. 'पार्स-टॅग-व्हॅल्यू' फॉल्स करा, नाहीतर बिल नंबर ००४५ चाही ४५ होईल. आणखी एक: व्हाउचरमध्ये एकच ओळ असेल तर तुम्हाला ऑब्जेक्ट मिळतं, दोन असतील तर ॲरे. 'इज-अरे' या पर्यायात 'डॉट लिस्ट'ने संपणारे सगळे टॅग नेहमी ॲरे होतील असं सांगा.

बाकी वाचण्यासाठी अख्खे रिपोर्ट मागवू नका. विनंतीतच एक छोटं कलेक्शन लिहून पाठवता येतं: प्रकार 'लेजर', गट संड्री डेटर्स, आणि फेचमध्ये नाव, जीयूआयडी, क्लोजिंग बॅलन्स एवढंच. बिलवार हवं असेल तर प्रकार 'बिल्स'. क्लोजिंग बॅलन्स ऋण आला म्हणजे पार्टीकडून येणं आहे, धन आला म्हणजे तिचा ॲडव्हान्स पडून आहे. सेल्समनला दाखवण्यापूर्वी चिन्ह उलटवा, नाहीतर ज्याने आगाऊ पैसे दिलेत त्याच्याच दारात वसुलीला माणूस उभा राहील.

व्हाउचर वाचायची वेळ आली तर वर्षाचं डे बुक एका झटक्यात मागू नका, टॅली तेवढा वेळ कुणालाच उत्तर देणार नाही. आठवड्या-आठवड्याने मागा, आणि पहिली फेरी झाल्यावर फक्त बदललेलं. प्रत्येक लेजर आणि व्हाउचरला ऑल्टर-आयडी असतो, बदल झाला की तो वाढतो. शेवटचा पाहिलेला आकडा साठवा आणि फिल्टरमध्ये त्यापेक्षा मोठे तेवढे घ्या.

नोडकरी_कोल्हापूर

टॅलीत एखादं व्हाउचर डिलीट केलं तर ऑल्टर-आयडीच्या फिल्टरमध्ये ते कसं दिसेल? आणि चाचणीसाठी वेगळा परवाना घ्यावा लागेल का?

हिशेबीकिडा

डिलीट झालेलं दिसतच नाही, ते यादीतच नसतं. त्यासाठी रात्री एकदा, दुकान बंद झाल्यावर पण मशीन आणि टॅली चालू असताना, चालू महिन्याच्या व्हाउचरांचे फक्त जीयूआयडी मागवा आणि तुमच्या टेबलशी ताडून पाहा. तुमच्याकडे असलेला जीयूआयडी तिथे नसेल तर बिलावर 'टॅलीतून काढलं' अशी खूण करून अकाउंटंटला दाखवा, आपणहून परत पाठवू नका. अकाउंटंटने ते मुद्दाम काढलेलं असू शकतं.

चाचणीला परवाना लागत नाही, एज्युकेशनल मोड पुरतो. फक्त त्यात व्हाउचरची तारीख १, २ आणि ३१ एवढीच चालते. चाचणीच्या कोडमध्ये तारीख १ ला बांधून ठेवा, नाहीतर १५ तारखेचं बिल नाकारलं जाईल आणि तुम्ही एक्सएमएलमध्ये चूक शोधत बसाल.